कोल्हापुरात परवडणारं घर का मिळत नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेली 18 वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात बांधकामाचे नकाशे काढते. लहानपण शुक्रवार पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत गेलं आणि आजही आम्ही भाड्यानंच राहतो. त्यामुळे घराचा प्रश्न मला दोन्हीकडून भेटतो. दिवसा ऑफिसात जमीनमालक आणि बिल्डर, संध्याकाळी जिन्यात शेजारणी. तेच तेच प्रश्न इतक्या वेळा आले की उत्तरं एकदा नीट लिहून काढायची ठरवलं. नियम बदलत असतात, म्हणून पैसे देण्याआधी चालू नियम नगररचना कार्यालयात विचारून घ्या. मतं मात्र माझी आहेत आणि ती लपवलेली नाहीत.

कोल्हापुरात खरंच घरं कमी आहेत का? जिकडं बघावं तिकडं अपार्टमेंट उभी आहेत की!

आहेत. पण घरांची टंचाई रस्त्यावरून दिसत नाही, ती घरात गेल्यावर दिसते. 2012 मध्ये केंद्र सरकारच्या तांत्रिक गटानं देशातल्या शहरांमध्ये सुमारे 1.88 कोटी घरांची तूट असल्याचं सांगितलं. त्यात उघड्यावर राहणारी कुटुंबं अगदी थोडी होती. सर्वांत मोठा वाटा होता दाटीवाटीनं राहणाऱ्यांचा, म्हणजे ज्यांच्या डोक्यावर छप्पर आहे पण लग्न झालेल्या जोडप्याला स्वतःची खोली नाही अशांचा. आणि ही तूट जवळजवळ सगळी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची होती, 95 टक्क्यांच्या वर.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्या आठवल्या. माणसं आठ. वडिलांची सायकल रात्री भिंतीतल्या दोन खुंट्यांवर टांगली जायची, कारण ती खाली ठेवली तर एका माणसाचं अंथरूण मावायचं नाही. काकांचं लग्न ठरलं तेव्हा घर शोधलं गेलं नाही, प्लायवूड आणलं गेलं. मधल्या खोलीत पार्टिशन पडलं, वर छतापर्यंत न पोचणारं. काकू वर्षभर कुजबुजतच बोलायची. सरकारी हिशेबात आमचं 'घर होतं'. अशी पार्टिशनं आजही पेठांमध्ये, लक्षतीर्थ वसाहतीत, फुलेवाडीत किती आहेत ते ज्यांच्या घरी आहेत त्यांना विचारा.

मग एवढे फ्लॅट रिकामे का? आधी ते भरा, नवीन कशाला बांधता?

प्रश्न रास्त आहे. 2011 च्या जनगणनेत देशातल्या शहरांत 1.1 कोटी घरं रिकामी सापडली होती. पण रिकामं घर आणि गरजूचं घर एकच असेल असं नाही. गुंतवणूक म्हणून घेतलेला तीन बेडरूमचा फ्लॅट सिक्युरिटी गार्डच्या कुटुंबाला उपयोगाचा नाही. पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलांनी आई-वडिलांसाठी घेऊन ठेवलेला फ्लॅट भाड्यानं मिळत नाही, कारण "भाडेकरू बसला तर उठणार नाही" ही भीती अजून गेलेली नाही.

ती भीती जुन्या कायद्याच्या काळातली आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 31 मार्च 2000 पासून लागू आहे आणि त्यात लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठराविक मुदतीसाठी नुसती राहायची परवानगी देणाऱ्या कराराची, स्वतंत्र तरतूद आहे. मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडं जाता येतं. करार मात्र नोंदवलेला हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकावर आहे. करार नोंदवलाच नाही आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते आधी खरं धरलं जातं. स्टँपपेपरवर अकरा महिन्यांचं लिहून नोटरी करून मोकळे होणाऱ्या मालकांनी हे वाक्य परत वाचावं.

म्हणजे रिकामी घरं बाजारात आणायला हवीत, नक्की. त्यानं थोडा भार हलका होईल. पण त्यावर विसंबून नवीन लहान घरं थांबवली तर पार्टिशनं तशीच राहतील.

कोल्हापूरचीच अडचण वेगळी काय? सांगली, साताऱ्यालाही घरं महाग आहेत.

महापालिका झाली 15 डिसेंबर 1972 ला. तेव्हाची हद्द आजही तीच, 66.82 चौरस किलोमीटर. 1971 मध्ये शहरात अडीच लाखांच्या आसपास माणसं होती, 2011 मध्ये 5,49,236. लोकसंख्या दुपटीच्या वर गेली आणि कुंपण जागचं हललं नाही. राज्यातल्या दुसऱ्या महापालिकांच्या हद्दी वाढत गेल्या, आपल्या वाढल्या नाहीत.

आता या 66.82 मधून पंचगंगेच्या पुराची जमीन वजा करा. रंकाळा आणि ओढे-नाले वजा करा. ज्या जागांवर विकास आराखड्यातली आरक्षणं, म्हणजे बाग, शाळा अशा सार्वजनिक कामासाठी जागा राखल्याच्या खुणा, वर्षानुवर्षं पडून आहेत त्या वजा करा, आणि वारसांच्या भांडणात अडकलेले वाडेही. जे उरतं त्यावर सगळं शहर भाव लावतं. जमिनीचा भाव कोणी एक बिल्डर ठरवत नाही, ही वजाबाकी ठरवते.

हद्दवाढ झाली की घरं स्वस्त होतील का?

आपोआप नाही होणार. पण हद्दवाढ न झाल्याची किंमत आपण रोज मोजतोय, आणि ती सांगितली जात नाही.

शहर वाढायचं थांबलेलं नाही. ते पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, उजळाईवाडी, शिंगणापूर या गावांमध्ये वाढलं. माणूस राहतो पाचगावात, काम करतो शाहूपुरीत, मूल शिकतं राजारामपुरीत. त्याचं सांडपाणी उतारानं शहरातल्या नाल्याला येतं, पण त्याचा कर शहराला येत नाही आणि शहराची ड्रेनेज लाईन त्याच्यापर्यंत जात नाही. दोघंही नाराज.

ग्रामीण बाजूचं म्हणणं मी माझ्या ऑफिसातच ऐकते. एक शेतकरी काका म्हणाले होते, "ताई, शहराला सोताच्या गल्लीतली गटार साफ करता येईना, आमाला काय देणार? घरफाळा तेवढा वाढवून देतील." या वाक्याला माझ्याकडं चांगलं उत्तर नव्हतं आणि आजही नाही. आपल्या जमिनीवर आरक्षण पडेल, ग्रामपंचायत जाईल, ही भीती खोटी नाही. 2017 मध्ये मधला मार्ग म्हणून 42 गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं. परवानग्या तिथून मिळू लागल्या, पण परवानगी देणारं कार्यालय म्हणजे पाणी, रस्ते आणि बस नव्हे.

माझं मत: शहराला लागून जी गावं आजच शहर झाली आहेत ती हद्दीत यावीत, आणि तिथं कर वाढण्याआधी पाण्याची आणि ड्रेनेजची लाईन पडावी. आधी सोय, मग घरफाळा. हे लेखी असल्याशिवाय गावकऱ्यांनी विश्वास ठेवावा असं मी त्यांना सांगू शकत नाही.

जमीन कमी आहे तर उंच का बांधत नाहीत?

हा माझ्या रोजच्या कामाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

किती बांधायचं हे एफएसआय ठरवतो, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक: प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा. डिसेंबर 2020 पासून राज्याच्या बहुतेक भागाला एकत्रित नियमावली लागू झाली. त्यात गावठाणाबाहेरच्या भागाला मूळ एफएसआय 1.10 आहे. समोरचा रस्ता 9 मीटरपेक्षा अरुंद असेल तर गोष्ट तिथंच संपते. रस्ता 9 ते 12 मीटर असेल तर पैसे भरून 0.50 आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरचा बांधकामाचा हक्क, विकत घेऊन 0.40 जास्त मिळतो, एकूण 2.00. जिने, बाल्कन्या, लिफ्ट वगैरेंसाठी निवासी इमारतीला यावर 60 टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र मिळतं.

10 गुंठ्यांचा प्लॉट धरा. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, दहा म्हणजे 10,890. अरुंद रस्त्यावर पूरक क्षेत्र धरून कागदावर साधारण 19,000 चौरस फूट बांधता येतात. तोच प्लॉट 9 मीटर रस्त्यावर असेल तर जवळजवळ 34,800. जमीन तेवढीच, घरं पावणेदोन पटींच्या पुढं. भोवतीची मोकळी जागा, पार्किंग आणि उंचीच्या नियमांत यातलं काही गळतं, पण फरक राहतोच.

आता आपल्या कॉलन्यांमधले रस्ते मोजा. मी मोजते, तेच माझं काम आहे. कागदावर 9 मीटरचा रस्ता जागेवर टेप लावला की साडेसात भरतो. एकानं कंपाउंड पुढं घेतलेलं, दुसऱ्यानं पायऱ्या बाहेर काढलेल्या, तिसऱ्याची तुळस. त्या दीड मीटरपायी गल्लीतल्या प्रत्येक प्लॉटवरची घरं कमी होतात. रुंद रस्त्याशिवाय जास्त एफएसआय देऊ नये हे बरोबरच आहे, अग्निशमनाची गाडी आत आली पाहिजे. पण मग ठरलेली रुंदी मोकळी करून घेणं हे घरं बांधण्याचंच काम आहे, असं महापालिकेनं समजावं.

पेठेतला आमचा वाडा पाडून नवीन बांधता येईल?

बांधता येतो, गावठाणात मूळ एफएसआयही जास्त आहे. अडतं ते प्रॉपर्टी कार्डावर. आजोबांच्या नावाखाली सतरा वारस, त्यातले चार कर्नाटकात, दोघांचा पत्ता नाही. शिवाय पागडीचे भाडेकरू असतील तर त्यांना जागा दिल्याशिवाय काही हलत नाही, आणि हलू देऊही नये. सुरुवात नकाशापासून करू नका, वारसनोंदीपासून करा. सगळ्यांच्या सह्या असलेलं एक साधं कुटुंबपत्रक नकाशाच्या आधी दहा पावलं पुढं नेतं. आणि वाडा पडायला आला असेल तर पावसाळ्याची वाट बघू नका.

जास्त घरं बांधू दिली तर फायदा बिल्डरचाच ना?

बिल्डरला फायदा होईल. भाकरी विकणाऱ्याला भाकरीतून फायदा होतो, म्हणून कोणी भाकऱ्या कमी भाजायला सांगत नाही. प्रश्न असा आहे की घरं कमी बांधली तर फायदा कोणाचा? ज्याच्याकडं आधीच दोन-तीन फ्लॅट आहेत त्याचा. टंचाईत भाव त्याच्या मालाचा वाढतो.

नवीन फ्लॅट महागच असतो हे खरं. पण तो घेणारं कुटुंब जुना फ्लॅट सोडतं, त्यात दुसरं जातं, त्याच्या खोल्या तिसऱ्याला मिळतात. ही साखळी मी आमच्याच इमारतीत पाहिली. वरचे भाडेकरू स्वतःच्या फ्लॅटमध्ये गेले, त्यांच्या जागी खालचे गेले आणि खालच्या वन आरकेमध्ये राजारामपुरीतल्या दुकानात काम करणारी दोन भावंडं आली. न्यूझीलंडमध्ये ऑकलंड शहरानं 2016 मध्ये राहत्या भागातल्या सुमारे तीन चतुर्थांश जमिनीवर जास्त घरं बांधायला मोकळीक दिली, त्यानंतर तिथं बांधकाम परवाने भरभर वाढले.

पण साखळी सर्वांत खालच्या कुटुंबापर्यंत पोचायला फार वेळ लागतो, आणि काहींपर्यंत पोचतच नाही. त्यांच्यासाठी सरकारनंच बांधलं पाहिजे. ऑस्ट्रियात व्हिएन्ना शहरातली साधारण अर्धी माणसं नगरपालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात, भाड्यानं आणि मानानं. बाजार मोकळा करा हे म्हणणारे आणि सरकारनं बांधावं हे म्हणणारे एकमेकांशी भांडतात. कोल्हापूरला दोन्ही लागणार आहे.

"दोन गुंठे स्वस्तात मिळायलेत, संचकार देऊन ठेवू का?"

थांबा. संचकार म्हणजे खरेदीआधी दिलेला विसार. हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो आणि याचं उत्तर मी स्वतःच्या पैशानं शिकले आहे.

2011 मध्ये आम्ही शहरालगत दोन गुंठ्यांसाठी संचकारपत्र केलं. विकणाऱ्यानं चुन्यानं आखलेले प्लॉट दाखवले, कोपऱ्यावर नारळाचं रोप लावलेलं होतं, लवकरच एनए, म्हणजे बिगरशेती, होणार म्हणाला. मी नकाशे काढणारी बाई, तरी झोन दाखला, म्हणजे जमीन आराखड्यात कशासाठी दाखवली आहे त्याचा कागद, मागितला नाही, कारण भाव हातचा जाईल असं वाटलं. जमीन हरित पट्ट्यातली, म्हणजे घरांसाठी नसलेली, निघाली. खरेदीदस्त झालाच नाही. एका सातबाऱ्याच्या मागं आम्ही अकरा घरं उभी होतो आणि नाव एकाचंही लागलं नाही. पैशातला काही भाग तीन वर्षांनी परत आला, बाकीचा नाहीच. माझ्या सासूबाईंच्या पाटल्या त्यात होत्या.

म्हणून सांगते. आधी चालू तारखेचा सातबारा आणि फेरफार बघा. झोन दाखला स्वतः काढा, विकणाऱ्यानं दिलेली झेरॉक्स चालणार नाही. मंजूर लेआऊट मागा. पूररेषेच्या नकाशावर गट क्रमांक शोधा. रस्ता कोणाच्या नावावर आहे ते विचारा, कारण पुष्कळ लेआऊटमधला रस्ता शेजारच्या शेतातून 'तोंडी' गेलेला असतो.

गुंठेवारीत, म्हणजे मंजूर लेआऊटशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या जमिनीत, आधीच घर बांधून राहणाऱ्यांसाठी 2001 चा कायदा आहे. 2021 मधल्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात आणली गेली. पण नियमित होणं म्हणजे नकाशावर मान्यता, ड्रेनेज आणि रस्ता त्यानंतर किती वर्षांनी येईल ते वेगळं. आणि पूररेषेतली जागा त्यात बसत नाही असंच धरून चाला.

लोक गुंठेवारीत जातात ते कायदा मोडायच्या हौसेनं नाही. कायदेशीर लहान घर त्यांच्या आवाक्यात कुठं बांधलंच जात नाही म्हणून जातात. ही दोन्ही वाक्यं एकत्र लक्षात ठेवल्याशिवाय अतिक्रमणावर बोलू नये, असं मला वाटतं.

पूर येतो तिथं तरी बांधकाम थांबवायचं की नाही?

थांबवायचं. इथं मी नवीन घरांच्या बाजूनं एक शब्दही बोलणार नाही.

राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा पातळी आणि 43 फूट धोका पातळी. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 मध्ये पुन्हा तितकंच. 2005 चा पूर विसरलेल्यांनाही तो पुन्हा आठवू लागला. शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, सुतारवाडा, दुधाळी, नागाळा पार्कचा खालचा भाग, जाधववाडी, बापट कॅम्प, सगळीकडं पाणी. शिरोलीजवळ महामार्ग बंद, दूध नाही, पेट्रोल नाही.

नकाशावर दोन रेषा असतात. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत नवीन घर बांधायचं नाही. लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, निळ्या-लालमधल्या पट्ट्यात अटी घालून बांधता येतं. पण 2019 आणि 2021 मध्ये दोनच वर्षांचं अंतर आहे. 'शंभर वर्षांतून एकदा' हा शब्द ज्याच्या घरात दोनदा गाळ आला त्याला सांगून बघा.

पट्ट्यात भराव टाकला की आपली इमारत कोरडी राहते आणि ते पाणी शेजारच्या बैठ्या घरांत जातं. पाण्याला जागा लागतेच. म्हणून नदीकाठ मोकळा ठेवायचा असेल तर उंच आणि कोरड्या भागात जास्त घरं बांधू द्यावी लागतील. दोन्हीकडं नाही म्हणता येत नाही.

भाड्याच्या घरात पूर येऊन गेलाय हे कसं ओळखायचं? मालक सांगत नाहीत.

नाही सांगत. 2019 मध्ये आम्ही तळमजल्यावर होतो. पाणी ओसरल्यावर भिंतीवर माझ्या खांद्याएवढी तपकिरी रेघ राहिली होती, पट्टीनं आखल्यासारखी. आम्ही सोडल्यावर दोन महिन्यांत तिथं फिकट पिवळा रंग लागला आणि नवीन कुटुंब आलं. 2021 मध्ये त्या बाईला पाणी दारात येईपर्यंत काही माहीत नव्हतं.

बघायला जाल तेव्हा मीटरची पेटी बघा. पूर पाहिलेल्या इमारतीत ती पुरानंतर वर चढवलेली असते आणि जुन्या जागी चार स्क्रूची भोकं दिसतात. खालच्या स्विचबोर्डात टॉर्च मारा, सॉकेटच्या आत गाळ राहिलेला असतो, तो कोणी पुसत नाही. दाराच्या चौकटीचं लाकूड खालून फुगलं असेल तर रंगावर जाऊ नका. आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात विचारा, "पाणी कुठवर आलं होतं?" दुकानदार हात दाखवून सांगतो.

नवीन घरांना पाणी कुठून आणणार?

काळम्मावाडी धरणाच्या थेट पाईपलाईनचं पाणी 2023 च्या दिवाळीत पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्राला पोचलं, सुमारे 53 किलोमीटरवरून. धरणात पाणी आहे. अडचण शहरातल्या जुन्या वाहिन्यांची आणि गळतीची आहे, आणि हद्दीबाहेरच्या वस्त्यांची. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या कितीतरी कॉलन्या धरणापासून लांब नाहीत, पाईपपासून लांब आहेत. दाट वस्तीला पाईप कमी लागतो, हे पाणीवाले कुणीही सांगतील.

म्हाडाची किंवा सरकारची स्वस्त घरं कोल्हापुरात का दिसत नाहीत?

मोठ्या शहरांत खासगी बिल्डरच्या मोठ्या प्रकल्पातली 20 टक्के जागा लहान घरांसाठी ठेवावी लागते आणि ती घरं म्हाडाच्या सोडतीत येतात. पुण्यात लोक ज्या सोडतीची वाट बघतात त्यातली बरीच घरं अशीच आलेली असतात. पण ही अट 10 लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांसाठी लिहिली गेली, 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागांना. आपण साडेपाच लाखांवर. म्हणजे हद्द वाढली नाही म्हणून लोकसंख्या कमी, आणि लोकसंख्या कमी म्हणून स्वस्त घरांची अट नाही. हद्दवाढीच्या भांडणात ही गोष्ट मी अजून कुणाच्या तोंडून ऐकली नाही.

सप्टेंबर 2024 पासून पंतप्रधान आवास योजना शहरी 2.0 आहे. कुटुंबाच्या नावावर देशात कुठंही पक्कं घर नसलं पाहिजे. वार्षिक उत्पन्न 9 लाखांपर्यंत असेल तर व्याज अनुदानाला अर्ज करता येतो: घराची किंमत 35 लाखांपर्यंत, कर्ज 25 लाखांपर्यंत, पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के, आणि जास्तीत जास्त 1.80 लाख रुपये पाच वार्षिक हप्त्यांत. घेण्यासारखं आहे, अर्ज करा. पण अनुदान मिळवायला आधी 35 लाखांच्या आतला कायदेशीर फ्लॅट सापडायला हवा.

पगार 25,000 आहे. फ्लॅट घेऊ की भाड्यानं राहू?

25 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, 20 वर्षं: हप्ता 21,700 च्या आसपास. उरलेल्या सव्वातीन हजारांत घर चालत नाही. बँक इतकं कर्ज देणारही नाही, आणि कुणी दिलंच तर घेऊ नका. भाड्यानं राहण्यात कमीपणा नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमध्ये घाम गाळणाऱ्या माणसाला कामाजवळ दोन स्वच्छ खोल्या नोंदणीकृत करारावर मिळणं, हे शहरानं द्यायला हवं.

घ्यायचंच असेल तर महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, त्याचा नोंदणी क्रमांक तपासा. अगदी लहान प्रकल्प सोडले तर नोंदणी लागते. नोंदणीकृत कराराआधी बिल्डरला 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, आलेल्या तयार फ्लॅटला जीएसटी नाही.

बाहेरच्या लोकांमुळं भाडी वाढली, हे खरं ना?

माणसं आली की मागणी वाढते, हे खरं. विद्यापीठ 1962 पासून आहे, पोरं दरवर्षी येतात. ऑगस्ट 2025 मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, सहा जिल्ह्यांतले वकील आणि पक्षकार येऊ लागले, आणि आमच्या ऑफिसात ऑफिस-कम-फ्लॅटची चौकशी वाढली. पण बेंचसाठी या शहरानं चाळीस-चाळीस वर्षं आंदोलनं केली. आता माणसं आली म्हणून तक्रार करायची का?

या गावाचा जुना स्वभाव वेगळा होता. शाहू महाराजांनी जातीजातींच्या मुलांसाठी बोर्डिंगं काढली, म्हणून कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात. खेड्यातलं पोर शिकायला आलं तर राहणार कुठं, हा प्रश्न त्यांनी शिक्षणाआधी सोडवला. बाजारपेठ अपुरी पडली तेव्हा 1895 मध्ये शाहूपुरी वसवली. पुढं राजारामपुरी झाली, आखीव गल्ल्यांची. आधी रस्ते आखले, मग माणसं आली. आज आपण उलट करतो.

आमच्या कॉलनीत बंगल्याच्या जागी सात मजली होणार आहे. विरोध करायचा का?

पार्किंग, सांडपाणी, रस्त्याची रुंदी, यांवर जरूर बोला, मंजूर नकाशा मागून बघा. नियम मोडत असतील तर लेखी तक्रार करा. पण "भाड्यानं देणारे फ्लॅट नकोत", "वन बीएचके नको, कसलीही माणसं येतात" असं लिहून आणणाऱ्या पत्रावर सही करू नका. ती 'कसलीही माणसं' म्हणजे तुमच्या मुलाच्या शाळेतले शिक्षक आणि सीपीआर या सरकारी रुग्णालयातल्या नर्स.

आम्ही भाडेकरू. आमचं कोण ऐकणार?

विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम 26 खाली हरकती आणि सूचना मागवतात. ठरलेल्या मुदतीत त्या कुणालाही देता येतात, जमीन नावावर असायची गरज नाही. हे पुष्कळांना माहीतच नसतं. ज्यांच्या जमिनीवर आरक्षण पडलंय तेच रांगेत दिसतात, आणि जागा ज्यांच्यासाठी राखायची ते घरी असतात.

अर्ज साधा असतो. नाव, पत्ता, मागणी. ज्या ओळीत बाकीचे गट क्रमांक लिहितात तिथं 'भाडेकरू' लिहा. त्याखाली तुमच्या भागातली एक जागा नावानिशी सांगा: अमुक बंद गोदाम, अमुक पडीक आरक्षण, तिथं लहान भाड्याची घरं हवीत. दोन प्रती काढा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका. लिहायला अडलं तर ज्या शेजारणी मला जिन्यात गाठतात त्यांच्याबरोबर या, मी लिहून देईन.